डब्यात काय, आणि डबा कशाचा?

मधल्या सुट्टीत वर्गावर्गांतून एक फेरी मारण्याची आमची जुनी सवय आहे. मुलांचे डबे पाहिले म्हणजे त्यांच्या घरची पुष्कळशी हकीकत न विचारता कळते. कोणाची पोळी व बटाट्याची भाजी, कोणाची भाकरी व ठेचा, तर कोणाचा नुसताच बिस्किटांचा पुडा. डब्यात काय आहे हे आम्ही वीस वर्षे पाहत आलो. डबा कशाचा आहे हे पाहण्याची बुद्धी मात्र अलीकडेच झाली. ती कशी झाली, हे विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

गतवर्षी इयत्ता सहावीच्या वर्गावर आरोग्याचा धडा शिकविताना, 'प्लास्टिकच्या डब्यात गरम अन्न भरू नये,' असे आम्ही मोठ्या आवेशाने सांगितले. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात श्रीखंडाचा रिकामा डबा होता. रोजच्या भाजीने तो आतून पिवळा पडला होता. "सर, मग मी डबा कशात आणू?" एवढेच तिने विचारले. "स्टीलच्या डब्यात आण," असे उत्तर देऊन आम्ही पुढच्या तासास निघून गेलो. उत्तर बरोबर होते; परंतु बरोबर उत्तर दिले म्हणजे शिक्षकाचे काम संपले, असे मात्र नव्हे.

त्या पिवळ्या डब्याने संध्याकाळी आमचा पिच्छा पुरविला. कितीही घासले तरी हळदीचा डाग जात नाही, याचा अर्थ हळदीचा रंग प्लास्टिकच्या अंगात शिरतो. अन्नातील वस्तू भांड्यात शिरू शकते, तर भांड्यातील वस्तू अन्नात का उतरू नये? रसायनशास्त्र सांगते की ती उतरते. प्लास्टिक घडविताना त्याला मऊपणा, रंग व टिकाऊपणा आणण्यासाठी नाना द्रव्ये मिसळतात. ती सर्वच प्लास्टिकला घट्ट बांधलेली नसतात. अन्न जितके गरम, जितके तेलकट, आणि डब्यात जितका वेळ पडून राहील, तितकी ती अधिक पाझरतात.

हा विचार आपल्याकडे नवा आहे काय? मुळीच नाही. आमच्या आजीच्या घरी पितळेची भांडी होती. वर्षातून एकदोनदा कल्हईवाला येऊन झाडाखाली भाता मांडी, आणि कथील व नवसागर यांच्या साहाय्याने भांडी आतून चांदीसारखी लखलखीत करून देई. कल्हई गेलेल्या भांड्यात आजी ताक अगर आमटी घटकाभरही ठेवू देत नसे, "कळकेल" म्हणे. लोणच्यासाठी चिनी मातीची बरणी ठरलेली असे. तिला लिहितावाचता येत नव्हते. परंतु भांडे अन्नाशी बोलत असते, हे तिला पक्के ठाऊक होते. कोणता पदार्थ कोणत्या भांड्यात, हे तिच्या स्वयंपाकघराचे शास्त्रच होते. प्लास्टिक घरात आले तेव्हा आपण तो प्रश्न विचारावयाचेच विसरलो. कारण उघड आहे. कळकलेले ताक चवीला व रंगाला लगेच कळते. प्लास्टिक मात्र कळकल्याचे दाखवीत नाही.

आम्ही स्वतःही विसरलो होतो. २००९ साली आमची कन्या तान्ही असताना तिच्यासाठी काचेसारखी पारदर्शक, पण पडली तरी न फुटणारी दुधाची बाटली आणली होती. स्वच्छतेचे धडे आम्ही जन्मभर दिलेले. तेव्हा ती बाटली रोज उकळत्या पाण्यात टाकावी व गरम दूध तिच्यातच ओतावे, हा आमचा कटाक्ष असे. पुढे कळले की तशा बाटल्या त्या काळी बहुधा पॉलिकार्बोनेटच्या असत, आणि त्यातून बिस्फेनॉल-ए नावाचे द्रव्य उष्णतेने अधिक सुटते. हे द्रव्य शरीरातील स्त्री-संप्रेरकाप्रमाणे वागते, हे लंडनमधील चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ सालीच दाखविले होते. कॅनडाने २००८ साली अशा बाटल्यांवर बंदी घालण्याचे जाहीर केले. युरोपीय संघाने २०११ साली ती घातली. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने २०१५ साली दुधाच्या बाटल्यांतून या द्रव्यास मनाई केली. आमची कन्या आज धडधाकट आहे, आणि तिला काही अपाय झाला असे म्हणण्यास आमच्यापाशी कोणताही आधार नाही. तथापि ज्या काळजीने आम्ही ती बाटली उकळीत होतो, त्या काळजीचीच आठवण आज मनास टोचते.

पुढे पॉलिकार्बोनेट जाऊन पॉलिप्रोपिलिनच्या बाटल्या आल्या. त्यात गरम पाणी घालून दूध तयार केल्यास लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत सूक्ष्म कण सुटू शकतात, असे डब्लिनच्या संशोधकांस २०२० साली आढळले. त्याच वर्षी खरगपूरच्या आय.आय.टी.ने कागदी पेल्यांची परीक्षा केली. त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. १०० मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटे ठेवले असता सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरले. हे वाचले तेव्हा आमच्या हाती शिक्षकखोलीतील चहाचा कागदी पेला होता, हे कबूल केले पाहिजे.

येथे कोणी घाबरून जाऊ नये. असे कण पोटात गेल्याने नेमके किती नुकसान होते, याविषयी शास्त्रज्ञांचा शोध अद्याप चालू आहे. परंतु शोधाची दिशा ध्यानात घेण्याजोगी आहे. बिस्फेनॉल-एची रोजची सुरक्षित मर्यादा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली पूर्वीपेक्षा वीस हजार पटींनी खाली आणली, आणि २०२४ च्या डिसेंबरात अन्नाच्या भांड्यांतून व वेष्टनांतून ते हद्दपार करण्याचा नियम युरोपीय संघाने केला. काल जे निर्धोक ठरले होते, ते आज तसे राहिले नाही.

आता त्या मुलीकडे वळू. पुढच्या सोमवारी तिने स्टीलचा डबा आणला. आम्ही वर्गासमोर तिला शाबासकी दिली. महिन्याभराने पालकसभेस तिची आई आली. ती चार घरची धुणीभांडी करते. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "माझा डबा हिला दिला, सर. मला काय, श्रीखंडाचा डबा चालतो."

आमच्याने काही बोलवेना. आमच्या उपदेशाने प्लास्टिक त्या घरातून गेले नव्हते. ते मुलीच्या पिशवीतून आईच्या पिशवीत गेले होते, आणि त्यावर आम्ही शाबासकी दिली होती.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या फळीवर आहेरात आलेले, नाव घातलेले स्टीलचे डबे वर्षानुवर्षे उपडे पडून असतात. आमच्या घरी तसे पाच निघाले. शिक्षकखोलीबाहेरच्या कपाटातील खालचा खण आता त्यांच्यासाठी मोकळा केला आहे. ज्याला ठेवावयाचे त्याने ठेवावे, ज्याला हवे त्याने न्यावे; कोणी नाव विचारणार नाही, वही ठेवली जाणार नाही. पहिल्याच आठवड्यात तो खण दोनदा भरला व दोनदा रिकामा झाला.

ज्यांच्यापाशी आज प्लास्टिकच आहे, त्यांनी लाज मानू नये. पोळी निवू द्यावी व मग भरावी. गरम आमटी, तेलकट भाजी आणि लोणचे तेवढे त्यात घालू नये. चरे पडलेला डबा अन्नास वापरू नये, त्यात बटणे ठेवावीत. पाण्याची बाटली उन्हात टाकू नये. यास पैसा लागत नाही. आणि विद्यार्थिमित्रहो, शेजाऱ्याचा डबा प्लास्टिकचा दिसला तर त्याला हसू नका. तो डबा कोणी कोणासाठी भरला आहे, हे आपणांस ठाऊक नसते.

शिक्षकखोलीत आता चहा कपबशीतून येतो. कप विसळण्याची पाळी सोमवारी आमची असते.