आगमुंगीच्या मुलखात

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने काय काय सांगायचे, हे आपल्याकडे आता जवळजवळ ठरून गेले आहे. नायगाराचा धबधबा, न्यूयॉर्कच्या गगनाला भिडलेल्या इमारती, भांडी धुणारे यंत्र आणि तिथल्या लोकांची शिस्त एवढे सांगितले की ऐकणारा तृप्त होतो. मीही मे महिन्याच्या सुट्टीत जाऊन आले. पण येताना मनात घेऊन आले ती एक मुंगी! तांबूस रंगाची, तांदळाच्या कणीएवढी. तिथे तिला ‘फायर अँट’ म्हणतात. आपण आगमुंगी म्हणू.

माझा धाकटा भाऊ टेक्सासमधल्या ह्यूस्टनला असतो. गाव दमट, समुद्राच्या कुशीतले. हवा अशी, की मुंबईच्या माणसाला मुळीच परके वाटू नये. घरामागे सुरेख हिरवळ. पहिल्याच संध्याकाळी मी म्हटले, “चला, चटई टाकून बाहेरच बसू.” तशी भावजय हसली. “ताई, इथली हिरवळ बघायची असते, बसायची नसते!”

आठ वर्षांच्या भाचीने माझा हात धरून मला कुंपणापाशी नेले. तिथे भुसभुशीत मातीचा, पाटीभर माती उपडी केल्यासारखा एक उंचवटा होता. “आत्या, याला कुठे भोक दिसतंय?” तिने विचारले. दिसत नव्हते. “म्हणजे आत त्याच आहेत.” या मुंग्यांची ये-जा जमिनीखालच्या बोगद्यांतून चालते; वारुळाच्या माथ्यावर दार नसते. घरातल्या मुलांना अक्षरओळख होण्याआधी ही ओळख करून द्यावी लागते. आमच्या भाचीच्या बाबतीत तर ती फार महाग पडली होती. चार वर्षांची असताना खेळता खेळता तिच्या पायाला या मुंग्या डसल्या आणि थोड्याच वेळात ओठ सुजले, श्वास घुसमटू लागला. डॉक्टरांनी वेळेवर वाचवली. तेव्हापासून भावजयीच्या पर्समध्ये किल्ल्यांच्या शेजारी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन असते. शाळेत एक, मोटारीत एक. असा घात फार थोड्यांचा होतो. पण ज्याच्या घरी होतो, त्याला त्या ‘थोड्यां’चा काय दिलासा?

या मुंगीचे माहेर दक्षिण अमेरिकेत आणि सासर मोबील या बंदरात, असे भावाकडून कळले तेव्हा ते बंदर पाहायचेच, असे मी ठरवले. (नाव इंग्रजीत ‘मोबाईल’सारखेच लिहितात. मी तसे वाचले, तेव्हा भाचीला हसू आवरेना.) ह्यूस्टनहून साडेसातशे किलोमीटरांचा रस्ता. लुइझियानाची दलदल, मिसिसिपीचे अफाट पात्र, मग पाइनची बने आणि शेवटी अलाबामा. वाटेत एका थांब्यावर पाय मोकळे करायला उतरलो. कडेच्या गवतात क्षणभर उभी राहिले असेन, तोच घोट्यापाशी कोणीतरी एकाच वेळी दहा उदबत्त्या टेकवाव्यात तसे झाले.

आगमुंगी नुसती चावत नाही. आधी जबड्याने कातडी पकडते, शरीर वाकवते, नांगी खुपसते आणि मग त्याच जागी जबडा रोवून, कंपासासारखी गोल फिरत पुन्हा पुन्हा डसते. तिचे विष बहुतांशी तेलकट अल्कलॉइडांचे असते. आग होते ती त्यांच्यामुळे. जिवावर बेतते ते त्यातल्या अगदी अल्प प्रथिनांमुळे. दुसऱ्या दिवशी प्रत्येक दंशावर पांढरा फोड आला. खाज असह्य, आणि वर भाचीची ताकीद, “आत्या, फोडायचा नाही हं!” जस्टिन श्मिट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने निरनिराळ्या दंशांच्या वेदनांना एक ते चार असे गुण दिले होते. त्यात आगमुंगीला मिळाला अवघा एक. एका मुंगीपुरता तो निकाल न्याय्य असेल. पण ती एकटी कधी येते?

मोबील हे जुने, सावलीचे गाव आहे. फ्रेंचांनी 1702 साली वसवलेले आणि 1711 मध्ये आजच्या जागी हलवलेले. रस्त्यांवर दुतर्फा ओकचे वृक्ष आणि त्यांच्या फांद्यांवरून जटांसारखे लोंबणारे करडे शेवाळ. खाली नदीकाठी धक्के. दक्षिण अमेरिकेहून येणारी जहाजे इथे लागत. अशाच एखाद्या जहाजातल्या मातीतून 1918 च्या सुमारास काळी आगमुंगी उतरली आणि 1930 नंतरच्या काही वर्षांत तांबडी. या धक्क्यांजवळच्या एका मोकळ्या जागेत 1942 साली तेरा वर्षांच्या एका मुलाला तांबड्या मुंगीचे वारूळ आढळले. तो मुलगा म्हणजे पुढे जगविख्यात झालेले मुंग्यांचे अभ्यासक एडवर्ड विल्सन. ते 2021 मध्ये वारले. मी धक्क्याजवळ उभी राहून पाहत होते. याऱ्या मालाच्या पेट्या उचलत होत्या, ठेवत होत्या. आक्रमण म्हटले की आपल्याला घोडदळ आठवते. हे आक्रमण झाले ते जहाजाच्या तळातल्या ढेकळातून.

आता या पाहुणीचा संसार पाहू. पावसानंतरच्या उबदार दिवशी पंख असलेल्या माद्या आणि नर आकाशात झेपावतात. मीलन झाले की नर मरतात. मादी जमिनीवर उतरते, स्वतःचे पंख उतरवून टाकते, बीळ खणते आणि आत स्वतःला कोंडून घेते. पहिल्या लेकींना वाढवताना ती बाहेर अन्नाला जात नाही. निरुपयोगी झालेले उडण्याचे स्नायू जिरवून त्यांवर निभावते. पुढे हीच राणी दिवसाला हजारावर अंडी घालू शकते आणि वारुळात दोन लाखांवर कामकरी मुंग्या नांदतात.

त्यांच्या पंगतीची तऱ्हा तर आणखी न्यारी. मोठ्या मुंगीला घन अन्न गिळताच येत नाही. मारून आणलेल्या किड्याचा तुकडा ती थोराड अळीच्या पोटावर ठेवते. अळी त्यावर पाचक रस सोडून त्याचे पातळ कालवण करते आणि ते मग साऱ्या वारुळात तोंडातोंडी वाटले जाते. आपल्या घरात आई शिजवते आणि पोरे जेवतात. इथे पोरे शिजवतात आणि थोरांची पंगत बसते! हे रहस्य कळल्यावर माणसाने त्याचाच उपयोग केला. मक्याच्या कण्यांना सोयाबीनच्या तेलात मिसळलेले मंद विष चोपडून वारुळाभोवती पेरतात. विष जहाल असून भागत नाही. ते राणीच्या मुखापर्यंत पोचेतो वाटणाऱ्या मुंग्या जगायला हव्यात.

पुरात तरी ती बुडावी? तिचे माहेर पाराना नदीच्या पूरमैदानात आहे. पूर तिला नवा नाही. पाणी चढले की हजारो मुंग्या पायांत पाय, जबड्यात पाय अडकवून दोन मिनिटांच्या आत तराफा विणतात. मधोमध राणी, खाली अळ्यांचा तरंगता आधार, अंगाअंगामध्ये अडकलेली हवा. असा तराफा कित्येक दिवस तरंगतो. ह्यूस्टनमध्ये 2017 साली हार्वी वादळाचा महापूर आला, तेव्हा रस्त्यांवरून हे तांबडे तराफे वाहत होते. भाऊ सांगत होता, “ताई, आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून वाट काढत होतो. पाण्याची भीती होतीच. पण नजर होती ती त्या तांबड्या पुंजक्यांवर. अंगाला लागला की ते किनारा समजून वर चढतात.”

अशा शत्रूशी अमेरिकेने युद्ध पुकारले नसते तरच नवल. सरकारने 1957 मध्ये हेप्टाक्लोर आणि डिल्ड्रिन या जहाल विषांनी दोन कोटी एकर जमीन झोडपण्याची मोहीम आखली. विमाने उडाली, गोळ्या पडल्या, पक्षी आणि गुरेढोरे मेली. लुइझियानात तर आणखी एक गंमत झाली. तिला गंमत म्हणवत नाही. उसाला पोखरणारी अळी ही मुंगी खात असे. मुंगी मेली आणि अळी माजली. रेचल कार्सन यांनी 1962 साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात या मोहिमेचे वाभाडे काढले. त्यानंतर मायरेक्स नावाचे विष आले. तेही कित्येक वर्षे विमानांतून पेरल्यावर 1978 मध्ये बंद करावे लागले. विषाने मेल्या त्यांत गावच्या मूळच्या मुंग्याही होत्या. जागा रिकामी झाली आणि त्या रिकाम्या जागेत सर्वांआधी परत आली ती आगमुंगीच! विल्सन यांनी या युद्धाला ‘कीटकशास्त्राचे व्हिएतनाम’ म्हटले, ते उगीच नव्हे.

असे का व्हावे? फ्लोरिडात वॉल्टर चिंकेल आणि त्यांचे सहकारी जोशुआ किंग यांनी प्रयोग करून पाहिले आणि 2008 मध्ये ते प्रसिद्ध केले. अंगावरची झाडी शाबूत असलेल्या पाइनच्या बनात या मुंग्या आणून सोडल्या, तर त्यांचा फारसा जम बसेना. तीच जमीन नांगरली की मूळच्या मुंग्या हटत आणि आगमुंगी फोफावे. म्हणजे तिला हवी असते ती उकरलेली, उघडी पडलेली जमीन: नवा रस्ता, नवी वसाहत, कापलेली हिरवळ. ह्यूस्टनला भावाच्या घराभोवती नेमके हेच सारे आहे. ती आपल्या पाठीमागे लागलेली नाही. आपण पुढे होऊन तिचे अंगण सारवत जातो आणि ती येऊन बसते.

आता तिथले लोक तिचा निर्वंश करण्याची भाषा फारशी करत नाहीत. दक्षिण अमेरिकेतून तिची वैरीण असलेली इवलीशी माशी आणून सोडली आहे. ती मुंगीच्या अंगात अंडे घालते, अळी मुंगीच्या डोक्यात वाढते, अखेर डोके गळून पडते आणि त्यातून नवी माशी निघते. त्यानेही मुंग्या संपल्या नाहीत. मुंग्या असलेल्या भागातून मातीच्या कुंड्या बाहेर नेण्यावर 1958 पासून निर्बंध आहेत. तरीही ऑस्ट्रेलिया, तैवान, चीन इथे ती पोचलीच. त्यांतल्या बहुतेक टोळ्या दक्षिण अमेरिकेतून नव्हे, तर अमेरिकेच्या याच दक्षिणेकडच्या राज्यांतून निघाल्या, असे 2011 मध्ये वंशपरीक्षेने सिद्ध झाले. युरोपात, सिसिलीमध्ये, तिची वारुळे असल्याचे 2023 मध्ये जाहीर झाले. तिची एक बहीण तर सोळाव्या शतकात स्पॅनिश गलबतांतून मेक्सिकोहून मनिलाला गेली आणि आशियात पसरली. ती बहीण आपल्या भारतातही आहे.

1972 साली या तांबड्या मुंगीला जे शास्त्रीय नाव मिळाले, त्यातल्या ‘इन्व्हिक्टा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अजिंक्य’ असा आहे. मराठीची शिक्षिका म्हणून मला वाटते, नाव थोडे चुकलेच. आपण ‘मुंगीच्या पावलांनी’ म्हणतो, ते हळूहळू, न कळत येण्याला. या मुंगीने मात्र आपली पावले फार थोडी वापरली. बाकीचा सारा प्रवास आपल्या जहाजांनी, मोटारींनी आणि कुंड्यांनी केला.

परतीच्या आदल्या दिवशी मी बुटांचे तळवे ब्रशने घासून धुतले. भावजय दारात उभी राहून पाहत होती. “ताई, इतकं कशाला? जरासा तर चिखल आहे.”

“जरासाच आहे, म्हणूनच,” मी म्हटले, आणि टाचेच्या खाचेत अडकलेली माती काडीने कोरून काढली.