उद्यमबागेतील टाळेबंदी

'टाळेबंदी' हा शब्द आम्हां कारखानदारांच्या कानांस नवा नव्हे. गिरण्यांच्या जमान्यापासून त्याचा अर्थ ठरलेला होता: कामगारांशी तंटा विकोपास गेला की मालक दारास कुलूप ठोकतो, ती टाळेबंदी. २४ मार्च २०२० च्या रात्री मात्र या शब्दाने कूस बदलली. कुलूप सरकारने घातले, आणि मालक व मजूर दोघेही त्याच्या एकाच बाजूस राहिले. एका बाजूस राहिले म्हणजे एकमताचे झाले असे नव्हे. त्याचा प्रत्यय पुढे आलाच.

बेळगावची उद्यमबाग ज्यांनी पाहिली आहे, त्यांस तेथील व्यवहार ठाऊक असेल. फौंड्रीतून निघालेले बिडाचे ओतीव काम आमच्यासारख्यांच्या लेथवर चढते, आणि तेथून कोल्हापूर-पुण्याकडे, अथवा चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यातील कारखान्यांकडे रवाना होते. आमच्या शेडमध्ये सहा लेथ आणि अकरा माणसे. त्यांपैकी चौघे चंदगड तालुक्यातले, रोज शिनोळीवरून येणारे. सीमाभागातील मराठी माणसास राज्याची सीमा एरवी वर्तमानपत्रांत आणि मनात बोचत असते. त्या मार्चमध्ये ती बांबू व पिंपे घेऊन प्रत्यक्ष रस्त्यावर उतरली.

कारखानदारांची संघटना म्हटली की वार्षिक सभा, पुष्पहार, मंत्रिमहोदयांस निवेदन आणि शेवटी भोजन, एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु त्या दिवसांत आमच्या येथील संघटनेने जे काम केले, ते निवेदनाचे नव्हते. ते केवळ कारकुनाचे होते, आणि म्हणूनच मोलाचे होते. दिल्लीहून हुकूम निघे, बेंगळुरूहून त्यावर दुसरा निघे, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून तिसरा. तिन्ही वाचून, तुला उद्या सकाळी काय करता येईल, हे दोन ओळींत सांगणारा मनुष्य हवा होता. संघटनेचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. हुकुमातील 'तथापि' हा शब्द कोठे आहे ते प्रथम पाहावे, अशी त्यांची शिकवण. खरा हुकूम तेथून सुरू होतो, असे ते म्हणत.

२७ मार्चला रिझर्व्ह बँकेने कर्जाचे तीन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, तेव्हा आमच्या व्यवसायबंधूंत केवढा आनंद झाला! सचिवांनी त्याच संध्याकाळी सर्वांस कळविले: "हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. ज्यास भरणे शक्य आहे त्याने भरावे." हे अप्रिय वाक्य बँकेने इतक्या स्पष्टपणे कोणास सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मालवाहतुकीचीही तीच कथा. २९ मार्चला केंद्राने आवश्यक-अनावश्यक हा भेद न करता सर्व मालाची वाहतूक खुली केली. परंतु माल उतरवून परतणारा ट्रक रिकामा. आणि रिकाम्या ट्रकात माल कोणता, असे नाक्यावरचा शिपाई विचारी. अखेरीस रिकामा ट्रकही सोडावा, असे गृहखात्यास एप्रिलमध्ये लेखी सांगावे लागले. तोवर घाटाच्या तोंडाशी अडकलेल्या चालकांसाठी दूरध्वनी करीत बसणे, हे संघटनेच्या कचेरीचे नित्यकर्म झाले होते.

२० एप्रिलपासून काही उद्योगांस परवानगी मिळाली, आणि नवी भीती पसरली. कारखान्यात एक रोगी सापडला तर मालकास तुरुंग आणि शेडला तीन महिने सील! देशभरातून उद्योगसंस्थांनी विचारणा केली, तेव्हा २३ एप्रिलला केंद्रीय गृहसचिवांनी असे काहीही नियमांत नसल्याचा खुलासा केला. त्या एका पत्राने कित्येक कुलपे निघाली असतील. अर्थात कुलूप निघाले म्हणून काम आले असे नाही. त्या एप्रिलमध्ये मारुती कंपनीने देशात एकही मोटार विकली नाही. मग मोटारीच्या सुट्या भागांस कोण विचारणार?

मोठमोठ्या मंडळांच्या निवेदनांचाही उपयोग झाला असेल. ६ मे रोजी कर्नाटक सरकारने लहान उद्योगांच्या वीजबिलातील दोन महिन्यांचा स्थिर आकार माफ केला. यंत्र फिरो वा न फिरो, जो आकार मीटरच्या मानगुटीस बसलेला असतो, तो हा.

परंतु खरा पेच वेतनाचा. २९ मार्चच्या केंद्रीय हुकुमाने पगार कपात न करता, ठरल्या तारखेस द्यावा असे फर्माविले होते. हुकूम न्याय्य होता. तिजोरीत मात्र न्यायाइतकी रक्कम नव्हती. संघटनेच्या दूरस्थ बैठकीत काहींनी न्यायालयात जाण्याचा आग्रह धरला. आमचा एक जुना टर्नर चंदगडाहून फोनवर एवढेच म्हणाला, "मालक, कोरटाचं तुमी बघा. आमाला रेशन किती दिवसांचं भरायचं, ते सांगा." या प्रश्नास संघटनेजवळ उत्तर नव्हते, ती मालकांची संघटना. तथापि सचिवांनी कराराचा एक साधा मसुदा तयार केला: मार्चचा पगार पूर्ण, पुढील दोन महिन्यांचा निम्मा, उरलेला काम सुरू झाल्यावर सहा हप्त्यांत. आम्ही तो आमच्या माणसांस वाचून दाखविला. दोन तासांच्या वादानंतर सहाचे चार हप्ते झाले. पुढे १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० दिवसांच्या वेतनाबद्दल मालक-कामगारांनी आपसांत बोलणी करावी असे सुचविले, तोवर आमच्या शेडमधील पहिला हप्ता चुकता झाला होता. सर्वत्र असे घडले नाही. आमच्याच गल्लीतील दोन शेडमधील परप्रांतीय मजूर मेमध्ये गेले ते परतले नाहीत, आणि त्यांच्या हिशेबाचे काय झाले, हे कोणत्याही संघटनेच्या दप्तरी नोंदलेले नाही.

१ जुलैपासून सूक्ष्म व लघु उद्योगांची नवी व्याख्या लागू झाली. नवी नोंदणी करणे आले. संघटनेच्या कचेरीबाहेर सहा-सहा फुटांवर आखलेल्या वर्तुळांत माणसे उभी राहू लागली. एक-दोन यंत्रांवर मजुरीचे काम करणारे, ज्यांनी संघटनेची वर्गणी कधी भरली नव्हती, असेच त्यांत अधिक. सचिव चष्मा पुसून प्रत्येकाचा अर्ज भरून देत होते. सभासद क्रमांकाचा रकाना त्यांनी कोणासच विचारला नाही.