सुरीची मूठ

सुरी विकत घेतांना आपण पात्याची धार अंगठ्यानें अजमावतों, पोलाद चांगलें आहे ना हें विचारतों. मुठीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. वस्तुतः पातें बोथट झालें तर त्यास धार लावून घेतां येते. मूठ सैल झाली म्हणजे तीच सुरी हाताची वैरीण होते. आमच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत नेमकें हेंच घडलें. सुरण चिरतांना मधल्या सूनबाईंच्या हातांत मूठ जागच्या जागीं राहिली, पातें मात्र वळलें, आणि तळव्यास दोन टांके घालावे लागले. त्याहून वाईट असें कीं, पट्टी बांधून होते न होते तोंच, ‘हल्लींच्या मुलींना वस्तु नीट वापरतां येत नाहीं, रात्रभर पाण्यांत भिजत ठेवीत असेल,’ असा निकालहि माजघरांत लागून गेला. निकालापूर्वीं साक्षीपुरावा पाहावा, ही शिक्षकाची जुनी संवय. म्हणून हा विषय मीं जरा खोलांत जाऊन पाहिला.

अंबाडीस पावसाळ्याचे चार महिने काढलेल्या कोणासहि लांकूड फुगतें हें सांगावयास नको. आषाढांत दारें चौकटींत रुतून बसतात आणि माघांत तींच सैल होतात. परंतु लांकूड सर्व दिशांस सारखें फुगत नाहीं. तंतूंच्या लांबींत हा फरक नगण्य, आडव्या रुंदींत पुष्कळ. पोलाद तर पाण्यानें मुळींच फुगत नाहीं. दिवसांतून दोनदां भिजणारी व दोनदां वाळणारी मूठ आपल्या आंतील पोलादाशीं व रिव्हेटांशीं रोज अशी ओढाताण करिते. कालांतरानें फट पडते, फटींत चिंचेचें व मिठाचें पाणी शिरतें, आणि आंतलें लोखंड दृष्टीआड गंजूं लागतें.

यावर उपाय म्हणून लांकडाच्या पातळ पापुद्र्यांना राळ पाजतात, ते एकावर एक रचतात, आणि उष्णता व मोठा दाब देऊन त्यांची एकजीव वडी करतात. तींतून कापलेल्या मुठीस बाजारांत ‘लॅमिनेटेड’ लांकडाची मूठ म्हणतात. ही राळ झाडाची नव्हे. बेल्जममध्यें जन्मलेल्या लिओ बेकलंड यांनीं अमेरिकेंत १९०७ सालीं जी कृत्रिम राळ सिद्ध केली व जी पुढें बेकेलाइट म्हणून प्रसिद्ध झाली, बहुधा त्याच जातीची ही असते. कल्पना आपणांस अगदींच परकी नाहीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. टेंभुर्णीचीं व कवठीचीं कच्चीं फळें, सांवरीचीं फुलें इत्यादि पाण्यांत आठव्या हिश्शापर्यंत आटवून त्यांत गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस वगैरे घालावयाचें. आणि देवालयांस व मूर्तींस दिलेला हा लेप एक कोटि वर्षें टिकतो, अशी फलश्रुति. दुकानदाराची ‘आजन्म टिकेल’ ही फलश्रुति त्या मानानें विनयशीलच म्हणावयाची!

आमच्याकडे अशा मुठीच्या सुऱ्या दोन. एक नऊ वर्षांची, दुसरी वर्षाच्या आंतली. दोन्ही एकाच हातानें वापरलेल्या, एकाच मोरींत धुतलेल्या. जुन्या मुठीचा रंग उडाला आहे, ती करडी दिसते, पण फट म्हणून नाहीं. नवी मात्र एका पावसाळ्यांत पापुद्र्यापापुद्र्यानें सुटली. ती मीं आडवी कापली, तेव्हां वरचा रंग तेवढा गडद आणि आंत कोरें पांढरें लांकूड! दोहींच्या कापल्या कडेवर पाण्याचा एकेक थेंब ठेवला. जुनीवर तो तसाच राहिला, नवीनें तो पिऊन टाकिला. राळ आंतपर्यंत मुरलेलीच नव्हती. पापुद्रे केवळ चिकटविलेले होते. दोष वापरणारीचा नव्हता, वस्तूचा होता. दोन्ही मुठी पाटावर मांडून मीं हें सर्वांस दाखविलें. वहिनींनीं तें सर्वांसमक्ष मान्य केलें व सूनबाईंस तसें बोलूनहि दाखविलें, हें त्यांचें मोठेपण.

तथापि चांगल्या मुठीसहि मर्यादा आहेत. सुरी वापरल्याबरोबर धुवावी, पुसावी व उभी वाळत ठेवावी; खरकट्या भांड्यांच्या ढिगांत भिजत टाकूं नये. भांडीं धुण्याचें यंत्र ज्यांच्या घरीं आलें असेल त्यांनीं ती त्यांत घालूं नये. तेथील कढत पाणी, तीव्र साबण व मागाहूनची कोरडी उष्णता यांपुढें राळहि हळूहळू हार खाते. तारेच्या घासणीनें मूठ घासूं नये. साध्या लांकडाची मूठ असल्यास अधूनमधून जवसाचें तेल चोळावें. तें वाळून घट्ट होतें, खोबरेल तसें होत नाहीं. आठवड्यांतून एकदां कडेवरून नख फिरवून पाहावें. नख अडकलें तर पापुद्रा सुटूं लागला असें समजावें. आणि मूठ हलूं लागली कीं ती सुरी, कितीहि जुनी व लाडकी असो, नवी मूठ बसेपर्यंत घरांत कोणाच्याहि हातीं देऊं नये.