राखाडी तोंडाची गोष्ट

सुट्टीतल्या शिबिरात भर उन्हात आमची खो-खोची प्रॅक्टिस असे. आईने सनस्क्रीनची ट्यूब आणून दिली. मी सावळी, सावळी कसली, चांगली काळी! क्रीम चोपडून आरशात पाहते तर काय, तोंड राखेत बुडवल्यासारखं! "काय गं, गिरणीतून आलीस का?" पोरी खिदळल्या. मी नळावर जाऊन तोंड खसाखसा धुतलं नि ट्यूब फेकली. महिन्याभरात कपाळावर डाग उमटले.

दोष माझ्या रंगाचा नव्हता हं! क्रीममध्ये झिंक ऑक्साइड होतं. ते अतिनील किरण अडवतं, पण त्याची पांढरी भुकटी गोऱ्या कातडीवर खपून जाते, आपल्या नाही. आपलं मेलॅनिन ऊन थोडं सोसतं, सगळं नाही. शिवाय आपल्याला डाग नुसत्या उजेडानेही पडतात. त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेलं रंगीत सनस्क्रीन हवं. ते मागितलं तर दुकानात छटा तीन, तिन्ही गोऱ्या!

"तुला कशाला लागतंय?" म्हणत दुकानदाराने गोरं करणारं क्रीम पुढे केलं. मला असा राग आला!

शेवटी पारदर्शक जेल घेतलं. त्याने उजेड अडत नाही, म्हणून वर बाबांची जुनी टोपी. धावताना सारखी पडते मेली.