मागील बाकी

माणसाने बिऱ्हाड बदलले की दूधवाल्याला सांगावे लागते, पोस्टमनला सांगावे लागते, वाण्याकडची उधारी चुकती करावी लागते. लिखाणाचे बिऱ्हाड बदलायचे तर काय काय करावे लागते, हे मला यंदाच्या पावसाळ्यात कळू लागले.

इंटरनेटवर माझा एक ब्लॉग आहे. त्याला ‘अनुदिनी’ असा एक गोड मराठी शब्द आहे. पण आमच्या खापरखेड्यात तो उच्चारला तर लोकांना ते कुणाच्या तरी धाकट्या मुलीचे नाव वाटेल, तेव्हा ब्लॉगच म्हणू या. 2010 साली मी तो सुरू केला. माझे शिक्षण दहावीचे, जुन्या भाषेत मॅट्रिक. नोकरी बालकवर्ग शिकवण्याची. आणि हौस कादंबऱ्या लिहिण्याची. कादंबरीला प्रकाशक मिळेपर्यंत माणसाने कुठे तरी लिहीत राहावे लागते. ब्लॉगची जागा फुकट होती. मीठ-मिरचीच्या हिशेबात न बसणारी एवढी एकच चैन मला परवडणारी होती. आज तिथे चारशेच्या वर टिपणे आहेत. विजेच्या कारखान्याच्या चिमण्या, गच्चीवरच्या पापडांवर उतरणारी राख, कन्हानची वाळू, कोराडीच्या देवीची नवरात्रातली गर्दी, असे सगळे त्यात आले आहे.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात संगणकाचे काम करतो. पोळ्याला गावी आला तेव्हा त्याने मोबाइलवर माझा ब्लॉग उघडला आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही अजून या जुन्या घरात काहून राहून राहिल्या? नव्या जागी चला. लेख लिहिला की वाचकाच्या पत्त्यावर सरळ पत्रासारखा जाते.”

“आणि जुने लेख?”

“एका फाइलीत बांधून नेऊ ना. पंधरा मिनिटांचं काम आहे.”

पंधरा मिनिटांत पंधरा वर्षे! मला तर हसूच आले. पण तो सांगत होता ते खोटे नव्हते. फुकटच्या जागेत राहणाऱ्याला घरमालकाची मर्जी सांभाळावी लागते, आणि या घरमालकांची मर्जी केव्हा फिरेल याचा नेम नाही. जिओसिटीज नावाची एक प्रचंड वस्ती होती. लाखो लोकांनी तिथे आपापली पाने थाटली होती. 2009 च्या ऑक्टोबरात ती उठवण्यात आली. ऑर्कुट तर आपल्या तरुणपणी घरोघरी होते. 30 सप्टेंबर 2014 ला त्याचे दार लागले. टाइपपॅड ही खास ब्लॉगवाल्यांची जागा 2003 पासून चालू होती, लोक तिथे पैसे भरून राहत होते, तरी 30 सप्टेंबर 2025 ला ती बंद झाली. सामान हलवायला महिनाभराची मुदत मिळाली. म्हणजे भाडे भरले म्हणून घर टिकते असेही नाही.

हे ऐकून आमच्या घरातून जो सल्ला मिळाला तो निराळाच होता. आमचे हे विजेच्या कारखान्यात आहेत आणि उभा जन्म क्वार्टरमध्ये गेलेला. ते म्हणाले, “नवीन क्वार्टर भेटलं तरी जुन्याची किल्ली लवकर देऊ नये.”

मी विद्यार्थ्याकडून सगळे नीट समजून घेतले. लेख फाइलीत येतात, तारखाही येतात. चित्रांचे मात्र कठीण. ती पुष्कळदा जुन्याच जागी राहतात आणि नव्या जागेतून नुसती दिसतात. जुनी जागा गेली की भिंतीवर खिळा तेवढा राहायचा. आणि पत्ते बदलतात. माझ्या लेखांचे पत्ते तसे गमतीदार आहेत. शीर्षक मराठीत दिले की ते पत्त्यात येतच नाही. ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा, एवढ्यावर बोळवण होते. नव्या काही जागा देवनागरी अक्षरे घेतात. पण तो दुवा व्हॉट्सअॅपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची अशी लांबलचक आगगाडी निघते की पाहणाऱ्याला बँकेचे व्याज वाटावे! तरी असल्या वेड्यावाकड्या पत्त्यांवरही माणसे येतात. कुणी ते जपून ठेवलेले असतात, कुणी दुसऱ्याला धाडलेले असतात. घर हलवले तर ती सगळी पायवाट बंद दारापाशी जाऊन थांबणार.

लिखाण हलवताना काही सांडते, ही गोष्ट विदर्भाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाकडे जाऊन गोळा केल्या आणि तेराव्या शतकात मराठीला लीळाचरित्र मिळाले. पुढे परचक्राच्या धावपळीत मूळ पोथी गेली. अनुयायांनी ती आठवून आठवून पुन्हा लिहिली. म्हणून आज एकाच लीळेचे निरनिराळे पाठ सापडतात. कुणाला एक शब्द आठवला, कुणाला दुसरा. आमच्यापाशी निदान फाइल तरी आहे, असे मी मनाशी म्हटले आणि विद्यार्थ्याला होकार देणार, तोच तो सहज बोलून गेला, “खालच्या टिप्पण्या मात्र नाही येणार, मॅडम. त्या नव्या ठिकाणी ती सोयच नाही.”

टिप्पण्या म्हणजे वाचकांनी लेखाखाली लिहिलेल्या चार-दोन ओळी. बहुतेक ‘छान’, ‘आवडले’ अशा असतात. त्या राहिल्या तर माझे काही अडत नाही. पण माझ्या ब्लॉगवर ‘अनामित’ या नावाने काही टिप्पण्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा माझ्या वडिलांच्या आहेत.

बाबा जवळच्या कोळसा खाणीत होते. निवृत्तीनंतर नातवंडांनी त्यांना मोबाइल शिकवला. आपले नाव कुठे भरायचे हे त्यांनी कधी शिकून घेतले नाही. “नाव कायले पायजे? तुले मालूम हाये ना,” एवढेच म्हणत. एका बोटाने, चष्मा कपाळावर चढवून, ते अर्धा अर्धा तास लिहीत बसत. शाळेतली मराठी त्यांना येत होती, पण मोबाइलवर ते बोलल्यासारखे लिहीत. ‘डोळे’ नाही, ‘डोये’. ‘काळा’ नाही, ‘काया’. अनामितांच्या गर्दीत मी त्यांना या ‘य’ वरून ओळखते. दुसऱ्या कुणाला ती ओळख पटायची नाही.

आणि ते नुसते ‘छान’ म्हणत नसत. मी आजोळच्या वाड्यावर लिहिले, तर खाली त्यांनी बैलांची नावे घातली, कोणत्या बैलाने कोणत्या साली मान टाकली ते घातले. खाणीवर लिहिले, तर पहिल्या दिवशी डोक्यावर दिवा लावून खाली उतरताना शेजारच्या माणसाने त्यांचा हात कसा धरला होता, ते सांगितले. ही गोष्ट त्यांनी घरात कधी कुणाला सांगितली नव्हती. आईलाही नाही. मी समोर बसून विचारले असते तर “चाय ठेव” म्हणाले असते. माझी दुसरी कादंबरी त्या हाताच्या गोष्टीतून निघाली. 2019 नंतर त्यांची एकही टिप्पणी नाही.

आता सांगा, कोणता लेख माझा आणि कोणता त्यांचा? वरचा मजकूर नेला आणि खालचा ठेवला तर जे जाईल ते अर्धेच जाईल.

वाट मला सुचली ती वाण्याच्या दुकानावरून. लहानपणी लक्ष्मीपूजनाला बाबांबरोबर आम्ही सावनेरच्या एका वाण्याकडे जात असू, बत्तासे मिळत. तिथे लाल कापडाच्या नव्या वहीवर ‘श्री’ काढलेला असे. पहिल्या पानावर वाणी फक्त मागील बाकी लिही. कुणी किती गूळ नेला आणि किती तेल नेले, त्या नोंदी नव्या वहीत उतरवण्याची खटपट कुणी केलेली मी पाहिली नाही. जुनी वही सुतळीने बांधून फळीवर जाई, आणि वाद निघाला की खाली येई.

तेव्हा मी जुने काहीच हलवणार नाही. पाडव्यापासून नवे लिखाण नव्या जागी. जुन्या ब्लॉगच्या माथ्यावर नवा पत्ता, नव्याच्या माथ्यावर जुना. विद्यार्थ्याला हे पटले नाही. “दोन दोन घरं कोण झाडणार, मॅडम?” त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. दोन वर्षे न उघडलेली वैयक्तिक खाती पुसून टाकायचा नियम गूगलने 2023 मध्ये जाहीर केला. इतरांचेही असेच काही असणार. आज मी आहे, उद्या झाडणारे कोण? म्हणून फाइल बांधून दोन पेनड्राइव्हवर ठेवली आहे, आणि बाबांच्या टिप्पण्या दोनशे पानी वहीत, तारखा घालून, त्यांच्याच ‘य’ सकट हाताने उतरवीत आहे. फराळाच्या धामधुमीत रोज एखादे पान होते.

पासवर्ड मुलीला सांगितला. तिने तो गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर टिपून घेतला आणि विचारले, “आजोबांच्या खाली मी काही लिहिलं तर चालेल?”

चालेल म्हटले. तेही जुन्याच जागी लिहिता येते.