सही नको, प्रश्न विचारा!

मासवणला सूर्या नदीच्या काठी लाइट गेली की आभाळ ताऱ्यांनी भरून जातं. त्याच आभाळावर जयंत नारळीकरांनी 'आकाशाशी जडले नाते' लिहिलं. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीलाही ते कळलं, म्हणजे बघा! पुण्यात 'आयुका' उभारणारे नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. वाचकांची वाहवा कुठल्या लेखकाला आवडत नाही? यांना मात्र वाचकांचे प्रश्न हवे असायचे. २० मे २०२५ रोजी ते गेले. आता ते पोस्टकार्ड कुणाला टाकायचं? आपल्या वर्गात सरांनी "एनी डाउट्स?" विचारलं की सगळे वहीत बघतात. मित्रांनो, उत्तर देणारं माणूस समोर उभं आहे, तोवर हात वर करा ना!