‘भाव देतो’ म्हणजे नक्की काय देतो?

‘ती वस्तू तिकडून घेऊन ये’ असं सीनियरने फर्मावलं, की कोणती वस्तू आणि कुठून, हे विचारायची फर्स्ट इयरवाल्याची हिंमत होत नाही. तो अंदाजाने काहीतरी आणतो आणि वर बोलणी खातो. सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी असलेल्या एआय एजंटचं अगदी असंच आहे. फरक इतकाच, की हा चुकीची वस्तूसुद्धा मोठ्या रुबाबात आणून देतो!

एजंटला कामासाठी आपण ‘टूल्स’ देतो. बऱ्याचदा टूलच्या मागे एखादी वेब एपीआय असते, कधी हवामानाची, कधी बाजारभावाची. गंमत अशी, की मॉडेलला टूलचा कोड सहसा दिसतच नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याची यादी. जून २०२३ मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग आणलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. दोन्हीकडे भिस्त त्या वर्णनावरच.

आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टला बाजारभाव हा विषय घेतला. माझं गाव हिवरा आश्रम, तालुका मेहकर. घरी सोयाबीन, तूर, हरभरा. केंद्र सरकारच्या ओपन डेटा पोर्टलवर बाजार समित्यांच्या रोजच्या भावांची एपीआय आहे. एका नोंदीत बाजार, शेतमाल, जात, तारीख आणि तीन भाव असतात : किमान, कमाल आणि ‘मोडल’, म्हणजे सर्वसाधारण. सगळे रुपये प्रति क्विंटल. ग्रुपमधल्या एकाने टूलचं वर्णन लिहिलं, ‘शेतमालाचा भाव देतो.’ झालं! व्याकरण बरोबर, इंजिनिअरिंग संपलं!

मी पप्पांना फोन केला, ‘तुम्हाला यातला कोणता भाव हवा?’ ते म्हणाले, ‘माय, वरचा भाव एखाद्याच्याच मालाले भेटते. बाकीच्यायले मधलाच. मले मधला सांग.’

विचार करा. एजंटने कमाल भाव सांगितला, त्या भरवशावर भाड्याची गाडी करून माल मेहकरला नेला आणि हाती मधलाच भाव पडला, तर? परत आणायचं म्हटलं की पुन्हा भाडं. म्हणजे मिळेल त्या भावात माल घालून यायचं. हमीभावाची गल्लत झाली तर आणखीच पंचाईत. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण तो सरकारी खरेदीचा. व्यापारी तोच देईल असं थोडंच आहे?

मग आम्ही बसून नवीन वर्णन लिहिलं : ‘एका बाजार समितीत एका दिवशी नोंदलेले शेतमालाचे किमान, कमाल व सर्वसाधारण भाव, रुपये प्रति क्विंटल. नुसता भाव विचारल्यास सर्वसाधारण भाव तारखेसह सांगावा. उत्तर रिकामे आल्यास नोंद मिळाली नाही असे सांगावे, भाव शून्य समजू नये. हमीभावासाठी किंवा उद्याच्या अंदाजासाठी हे टूल वापरू नये.’ माझ्या मते यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. टूल कधी वापरायचं हे सगळेच लिहितात, कधी वापरायचं नाही हे लिहायला विसरतात.

नावांचा घोळ वेगळाच. मी पडले कॉन्व्हेंटची, माझ्या लेखी ग्रॅम म्हणजे वजन! इथे हरभऱ्याचं नाव ‘बेंगाल ग्रॅम’, तुरीचं ‘अरहर’ आणि सोयाबीनच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मध्येच एक जादा ‘ए’. अक्षर चुकलं की हाती काही लागत नाही. म्हणून मान्य नावांची यादीच टूलमध्ये घातली आणि प्रत्येक नावापुढे आपलं घरगुती मराठी नाव लिहिलं.

आमच्या गावी विवेकानंद जयंतीला शेतात पंगती बसतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढायला नेतात. हजारो पानं! तिथे नवख्या स्वयंसेवकाला नुसतं ‘वाढा’ म्हणून भागेल का? कोणती ओळ, सुरुवात कुठून, भाजी संपली तर कुणाला हाक मारायची, हे आधीच सांगावं लागतं. ओपनएआयच्या मार्गदर्शिकेत याच अर्थाची ‘इंटर्न टेस्ट’ आहे : मॉडेलला दिलेली तेवढीच माहिती नवख्या इंटर्नला दिली, तर त्याला ते फंक्शन बरोबर वापरता येईल का? त्याला जे प्रश्न पडतील, त्यांची उत्तरं वर्णनात घालायची.

असो. तुम्ही टूल लिहाल, तेव्हा त्याचं वर्णन एकदा फोनवर घरी वाचून दाखवा. पलीकडून ‘म्हणजे काय?’ असं आलं, की तेवढी ओळ पुन्हा लिहा. घरचे तरी विचारतात. मॉडेल विचारेलच याची खात्री नसते.